दादांची गाडी सोडवायला कॅनडात

लोक कॅनडाला धबधबा बघायला जातात, लाल झालेली पानं बघायला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. आम्ही माझ्या दिरांची गाडी सोडवायला गेलो. एखाद्याची दारू सोडवायला जावं, तसे.

फोन आला तो मृणालचा. मृणाल म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, दादांची, एकुलती एक मुलगी. ती टोरांटोजवळ ब्रॅम्पटनला राहते आणि दादा तिकडे पार पश्चिमेला, एडमंटनला, एकटे. सुलभावहिनी जाऊन काही वर्षं झाली.

"काका, बाबांनी परत गाडी ठोकली," ती म्हणाली. "आधी शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा, आता शेजाऱ्यांचं कुंपण. म्हणतात, कुंपणच पुढे सरकलंय. मी बोलले की फोन ठेवून देतात. तुम्ही समजावलंत तर ऐकतील. प्लीज या."

काका, म्हणजे माझा नवरा सुधीर, लगेच "येतो" म्हणाला. त्याला कोणी समजावायला बोलावलं की तो नाही म्हणत नाही. आयुष्यभर इंग्लंडात रेल्वेच्या सिग्नलचं काम केलं. माणसाला पृथ्वीवर कुठेही जायला बस, ट्रेन आणि चहाचा थर्मास एवढं पुरतं, हा त्याचा धर्म आहे. आम्ही मूळचे सांगलीचे, पण गेली तीसेक वर्षं रेडिंगला. एवढ्या वर्षांत आम्ही इंग्रज झालो की नाही हे इंग्रजांनी अजून ठरवलेलं नाही. आम्ही मात्र रांगेत उभे राहतो, हवामानावर बोलतो आणि सूप आवडलं नाही तरी "लव्हली" म्हणतो.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी लागते. ती सरकारी साइटवरूनच काढा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट्स त्याच कामाचे कितीतरी पट पैसे घेतात. आम्हाला हे नंतर कळलं.

ऑक्टोबर संपत आला होता. ब्रॅम्पटनला मृणालच्या घरात शिरलो आणि सुधीर कुजबुजला, "हिच्या फ्रिजमध्ये आपलं स्वयंपाकघर मावेल." खरंच मावलं असतं. तिथे सगळंच मोठं. दुधाचा डबा मोठा, रस्ते मोठे, गाड्या इतक्या मोठ्या की चढताना मी दरवेळी आधी देवाचं नाव घेत असे आणि मग दाराची मूठ धरत असे.

पहिल्याच दिवशी दुकानात बिलाच्या काउंटरवरच्या मुलीने सुधीरला विचारलं, "हाऊ आर यू डुइंग टुडे?" इंग्लंडात या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हा तिथला अलिखित कायदा आहे. पण ही मुलगी थांबली. हसत, त्याच्याकडे बघत, उत्तराची वाट बघत. सुधीर घाबरला आणि त्याने तिला आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगितलं. तिने तिच्या आजीच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. मागे रांग वाढत होती, पण रांगेतल्या कोणी घसा खाकरला नाही. उलट एका बाईंनी गुडघ्याला लावायचं एक मलम सुचवलं.

मग बिल आलं आणि ते आम्ही मनात केलेल्या बेरजेपेक्षा जास्त निघालं. तिथे फळीवर लिहिलेली किंमत ही नुसती सुरुवात असते. टॅक्स काउंटरवर लागतो. पुढे बेकरीत पाव घेतला, तर मशीनने विचारलं, टिप किती देणार? पाव मीच उचलला होता, मीच पिशवीत भरला होता. पण ती मुलगी इतक्या प्रेमाने बघत होती की सुधीरने मधलं बटण दाबलं आणि बाहेर आल्यावर पावती दोनदा वाचली.

वॉशरूमबद्दल एकच सांगते. दाराला खालून, वरून आणि दोन्ही कडांना एवढ्या फटी असतात की आत बसलेल्या माणसाची आणि बाहेर उभ्या असलेल्याची नजरानजर होऊ शकते. जो देश अनोळखी माणसाला इतकं जिव्हाळ्याने "कसे आहात" विचारतो, त्याला ते आतही विचारता यावं अशी ही सोय असावी.

दुसऱ्या दिवशी मृणाल कामावर गेली होती. तिच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून ग्रोसरीचं दुकान दिसत होतं. सुधीर म्हणाला, "हे काय, समोर आहे. चालत जाऊ." मृणालची मुलगी रिया, पंधरा वर्षांची, सोफ्यावरून मान वर करून म्हणाली, "आजोबा, नो वन वॉक्स देअर."

"का? कुत्री आहेत?"

"नो. जस्ट... नो वन वॉक्स."

आम्ही निघालो. थोड्या अंतरावर फुटपाथ संपला. पुढे गवताचा उतार, त्यापुढे सहा पदरी रस्ता. दुकान दिसत होतं, पण जेवढं चालावं तेवढं ते लांब जात होतं. आम्ही गवतातून एकामागे एक चालू लागलो. एक ट्रक थांबला. चालकाने विचारलं, सगळं ठीक आहे ना? आम्ही हात हलवून "लव्हली" म्हटलं. मग पोलिसांची गाडी हळू झाली, बघून पुढे गेली, वळून परत आली. आम्ही परत "लव्हली" म्हटलं. शेवटी एक पंजाबी बाई थांबली, काच खाली करून ओरडली, "आंटीजी, गाडी खराब हो गयी क्या?"

"नहीं, नहीं," सुधीर म्हणाला, "हम चल रहे हैं."

तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मनापासून, काळजीने विचारलं, "क्यूं?"

आम्ही तिच्या गाडीत बसलो. तिने आम्हाला दुकानात नेलं, आमची खरेदी होईपर्यंत थांबली आणि घरी सोडलं. वाटेत तिने तिच्या सासूची सगळी हकीकत सांगितली. आम्ही उतरलो तेव्हा रिया दारात उभी होती. काही बोलली नाही. मुलीला चांगलं वळण आहे.

ग्वेल्फ मात्र सुधीरला पहिल्या नजरेत आवडलं, कारण तिथे फुटपाथ होता. मृणाल तिथल्या एका अन्नप्रक्रियेच्या प्रयोगशाळेत काम करते. ब्रॅम्पटनहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. तिने सकाळी आम्हाला गावात सोडलं आणि संध्याकाळी घ्यायला येते म्हणाली. छोटं, विद्यापीठाचं गाव. जुन्या दगडी इमारती, टेकडीवर चर्च, कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेली पोरं. फिरता फिरता एका गल्लीत आम्हाला एक दुकान दिसलं. दारावर ब्रिटिश झेंडा, आत आमच्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं ते सगळं. तीच बिस्किटं, तोच चहा, टोस्टवर घालायचे तेच डबाबंद बीन्स. फक्त सगळं तिप्पट किमतीला, आणि देवघरात मांडावं तसं मांडलेलं.

दुकानदार ॲलन मूळचा यॉर्कशरचा. इथे आला तेव्हा तरुण होता, आता सत्तरीचा. त्याने काउंटरमागून आम्हाला कॅनडाबद्दल सांगायला सुरुवात केली. इथला पाव गोड लागतो. चहा म्हणून कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी देतात. चीज केशरी असतं. कोणाला खोचक बोललेलं कळत नाही, लोक त्याचा खरा अर्थ घेतात आणि मदत करायला येतात.

"मग परत का गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो होतो ना. दोन वर्षं राहिलो." त्याने खांदे उडवले. "तिथलाही पाव आता पूर्वीसारखा राहिला नाही. आणि मला काउंटरवर कोणी कसा आहेस म्हणून विचारेना."

मग त्याने विचारलं, "तुम्ही कुठले?"

सुधीरने सवयीने श्वास घेतला. इंग्लंडात या प्रश्नाच्या दोन फेऱ्या असतात. आपण रेडिंग म्हणायचं, मग समोरचा म्हणतो, नाही, म्हणजे मुळात कुठले? मग आपण भारत म्हणायचं, मग तो त्याला आवडणाऱ्या भाजीचं नाव सांगतो.

"रेडिंग," सुधीर म्हणाला आणि दुसऱ्या फेरीसाठी तयार राहिला.

"रेडिंग!" ॲलनचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्याकडचेच की! माझी बहीण तिथून अर्ध्या तासावर आहे. या, बसा. चहा करतो, नीट उकळत्या पाण्यातला."

दुसरी फेरी झालीच नाही. आम्ही तिथे बसून चहा घेतला आणि तिघांनी मिळून कॅनडाला नावं ठेवली. ॲलनला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपल्याशी असं सहमत झाल्याचा फार आनंद झाला. निघताना सुधीरने घरी ज्यांना कधी तोंड लावत नाही अशा बिस्किटांचे चार पुडे घेतले. त्या संध्याकाळी त्याने मृणालला हा प्रसंग तीनदा सांगितला. तीस वर्षं कर भरून जे जमलं नव्हतं ते अटलांटिक ओलांडल्यावर एका क्षणात झालं होतं. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला होता.

टोरांटोहून एडमंटन विमानाने चार तासांवर. देश तोच, पण घड्याळ दोन तास मागे करावं लागतं. सामानाचे वेगळे पैसे पडतात आणि खायला जवळजवळ काही देत नाहीत, तेव्हा डबा घ्या. मृणालने आम्हाला थेपले दिले आणि बजावलं, "काकू, विमानतळावरून टॅक्सीच करा. बाबांना येऊ देऊ नका."

विमानतळावर दादा उभे होते. हातात गाडीची किल्ली.

दादा ऐंशी ओलांडलेले. उंच, ताठ, डोक्यावर कानटोपी. मिरजेला डॉक्टर झाले आणि सत्तरच्या दशकात इथे आले. भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर माणसांना शांत झोपवलं, आता त्यांच्या गाडीत बसलेला माणूस डोळे मिटायला धजत नाही. गाडी एखाद्या होडीसारखी लांबलचक. महामार्गावर दादा मधल्या पदरातून सावकाश चालले होते आणि दोन्ही बाजूंनी ट्रक भोंगे वाजवत जात होते. "लोकांना फार घाई झालीय हल्ली," दादा म्हणाले. त्यांच्या वस्तीत शिरल्यावर एका चौकात थांबायची लाल पाटी होती. गाडी थांबली नाही.

"दादा, इथे थांबायचं असतं ना?" मी मागून म्हटलं.

"रविवारी कोणी नसतं गं."

त्या दिवशी मंगळवार होता. सुधीरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

दादांनी आमच्यासाठी पिठलं-भात केला होता. स्वतःच्या हाताने, उत्तम. एरवी मी सुधीरला अरे-तुरे करते, पण दादांसमोर आपोआप "अहो" येतं, आणि ते ऐकून दादा दरवेळी खुश होतात. जेवताना दोघा भावांची लढाई सुरू झाली. हे लग्न झाल्यापासून बघत आलेय, फक्त विषय बदलतात.

"तुमच्याकडे बेसिनला दोन नळ," दादा म्हणाले. "एकातून उकळतं पाणी, एकातून बर्फ. माणसाने हात कुठे धरायचा?"

"तुमच्याकडे संडासाच्या दाराला फटी. त्याचं काय?"

"तुमच्याकडे दार बंद होतं, पण आत थंडीने मरायची वेळ येते. घराला हीटिंग आहे की नुसती अफवा आहे?"

सांगलीच्या एकाच आळीत वाढलेले दोन भाऊ. दोघांच्या नाण्यांवर राजाही एकच. आणि त्याच्या दोन देशांच्या वतीने ते जिवाच्या आकांताने भांडत होते. त्या राजाला याची काही कल्पना नसावी.

मग सुधीरने मूळ विषय काढला. वय, डोळे, कुंपण, मृणालची काळजी. दादांनी ताट पुढे सरकवलं.

"गाडी काढून घेतलीस तर मी काय करू? खिडकीत बसू?" त्यांचा आवाज चढला नाही. "हे रेडिंग नाही, सुध्या. तुझी बस तुझ्या दारात येते. सुलभा गेली तेव्हा दोन महिने मी या घराबाहेर पडलो नव्हतो. तुम्ही फोन करायचात, मी बरा आहे म्हणायचो. मग एक दिवस गाडी काढली आणि नदीपलीकडे मित्रांकडे पत्ते खेळायला गेलो. त्या दिवशी मी परत माणसांत आलो. आता तू म्हणतोस, किल्ली दे."

त्यावर सुधीरने उठून ताटं उचलली. पण तो सिग्नलवाला माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी अख्खी सकाळ बस आणि एलआरटीची वेळापत्रकं वाचण्यात घालवली. एलआरटी म्हणजे तिथली शहरातली हलकी रेल्वे. दुपारी बर्फ पडायला लागला. दादांनी दारात उभं राहून सुधीरला फावड्याने बर्फ कसा काढायचा ते सांगितलं, आणि त्याने केलेलं सगळं चुकीचं आहे हेही सांगितलं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या नाकातून वायरी निघून घरांकडे गेल्या होत्या. मी विचारलं, "सगळ्या विजेवरच्या गाड्या आहेत का हो?"

"नाही गं," दादा म्हणाले. "त्यांना थंडी वाजते. इंजिन गरम ठेवावं लागतं."

गुरुवारी दादांच्या पत्त्यांचा अड्डा होता. सुधीरने जाहीर केलं की आपण तिघं बसने जाणार. दादा कपाट उघडून माझ्यासाठी वहिनींचा जाड कोट घेऊन आले. "हा घाल," एवढंच म्हणाले. आम्ही निघालो.

बसस्टॉप म्हणजे बर्फात रोवलेला एक खांब. हवा उणे बारा. आणि बस आली नाही. सुधीर दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होता. इंग्लंडात बस उशिरा आली की तो ते व्यक्तिगत अपमानासारखं घेतो. इथे तो त्या बसचा वकील होता, त्यामुळे त्याला चिडताही येईना.

"येईल," तो म्हणाला.

"येईल की," दादा म्हणाले. "वसंतात येईल."

बस आली तेव्हा माझ्या पापण्यांवर बर्फ होता. पण आली, पायरी खाली झुकली, आत ऊब होती. एका मुलीने उठून दादांना जागा दिली, दादा "नो, नो" म्हणाले आणि बसले. पुढे एलआरटीत बदललो आणि गाडी नदीवरच्या पुलावर आली. खाली खोल दरी, दोन्ही काठांवर बर्फ ल्यालेली झाडं, मधे पाणी अजून गोठलेलं नव्हतं, काळं, संथ, कडेला पांढरी साय धरलेलं. दादा खिडकीला लागून बसले होते. पूल संपेपर्यंत खालीच बघत राहिले.

"इतकी वर्षं ही नदी ओलांडतोय," नंतर म्हणाले. "चालवताना बघता येत नाही."

सुधीरने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी त्याला गप्प बसवलं. तरी घरी आल्यावर त्याने विचारलंच, "मग? कशी वाटली बस?"

"छान आहे," दादा म्हणाले. "तू वापर."

आणि दुसऱ्या दिवशी, आम्ही दुपारी जरा पडलो असताना, दादा गाडी घेऊन गेले. टेबलावरच्या चिठ्ठीवरून कळलं, कोथिंबीर संपली होती. सुधीर उठला, गराज रिकामं पाहिलं, फोन लावला. फोन त्याच टेबलावर वाजला. मग तो खिडकीत जाऊन उभा राहिला. मी चहा केला, तो प्यायला नाही. बाहेर उजेड कमी व्हायला लागला. मी म्हटलं, मृणालला फोन करूया का? तो म्हणाला, "काय सांगू तिला? तू मला ज्यासाठी बोलावलंस तेच मी झोपेत हरवलं?"

शेवटी रस्त्याच्या टोकाला एक उंच माणूस दिसला. बर्फातून, पाय जपून टाकत, चालत येत होता. हातात पिशवी. तो माणूस दादा आहेत हे कळायला आम्हाला वेळ लागला, कारण दादांना त्या रस्त्यावर एकटं चालताना कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

दादा आत आले. बूट काढले, हात धुतले, कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवली. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये आहे," म्हणाले.

सुधीर समोर बसला.

"मागे घेत होतो. आरशात बघितलं होतं मी. बघितलं होतं, सुध्या. मागे बाई होती, बाबागाडी घेऊन. तिने डिकीवर हात आपटला म्हणून कळलं." त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "बाळाला काही झालं नाही. मी उतरून पाहिलं. झोपलं होतं. ती बाई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मलाच सॉरी म्हणाली. मला विचारलं, सर, आर यू ओके?"

मी आठवडाभर त्या देशाच्या सॉरीवर विनोद करत होते. दाराला धक्का लागला तरी लोक दाराला सॉरी म्हणतात, अशी ब्रॅम्पटनला गंमत केली होती. त्या स्वयंपाकघरात मला त्यातला एकही विनोद आठवला नाही.

"मग मी गाडीत बसून राहिलो," दादा म्हणाले. "किल्ली फिरवायला हात उचलेना. एका पोराला विचारलं बस कुठे मिळते. पहिली उलट्या दिशेने गेली. मग परत आलो."

सुधीर इंग्लंडहून किती मुद्दे घेऊन आला होता. विमानात त्याने ते मला क्रमाने सांगितले होते. त्यातला एकही त्याने काढला नाही. दादांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "चल, गाडी घेऊन येऊ. रात्रभर तिथे राहिली तर तिला थंडी वाजेल."

दादा हसले नाहीत, पण उठले. आम्ही तिघं परत त्या खांबापाशी गेलो. या वेळी बस वेळेवर आली. नेमकी, तिला कोणी शाबासकी देणार नव्हतं तेव्हा.

आता गाडी चालवायची कोणी? मी इंग्लंडातही फक्त दुकानापर्यंत चालवते. सुधीरने उजव्या बाजूने जन्मात कधी चालवली नव्हती. आपलं लायसन्स पाहुण्यांना चालतं हे मृणालने आधीच पाहून ठेवलं होतं. ज्याने आयुष्यभर बसची बाजू घेतली तो त्या होडीच्या सुकाणूवर बसला आणि डावीकडे वळायचा दिवा लावायला जाऊन काच पुसायला लागला. पार्किंगमधून बाहेर पडताना तो, सवयीने, अगदी आत्मविश्वासाने, चुकीच्या बाजूला शिरला. समोर एक पिकअप ट्रक. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. माझा श्वास अडकला. ट्रकवाल्याने काच खाली केली, आमच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "यू गाइज फ्रॉम इंग्लंड?"

"सॉरी," सुधीर म्हणाला.

"सॉरी," ट्रकवालाही म्हणाला, आणि मागे गेला.

शेजारच्या सीटवर दादांना हसू यायला लागलं. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग मोठ्याने. "उजवीकडे, सुध्या! अरे उजवीकडे! ती काच पुसणं थांबव आधी!" डोळे पुसत ते रस्ता सांगत होते. लाल पाटी आली की स्वतःच "थांब" म्हणत होते, आणि सुधीर प्रत्येक पाटीला इतका वेळ थांबत होता की मागचे लोक काळजीने बघत होते. गराजमध्ये शिरताना उजवीकडची चौकट गाडीला लागली. कर्र असा आवाज झाला.

सुधीरने इंजिन बंद केलं.

"बसने आला असतास," दादा म्हणाले, "तर वाचला असतास."

उतरण्याआधी त्यांनी सुधीरच्या हातातली किल्ली मागितली नाही.

मृणालला फोन दादांनीच लावला. ती भांडायच्या तयारीत होती. "मृणाल, गाडी विकून टाकू. कसं करायचं ते तू बघ," दादा म्हणाले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, आर यू शुअर?" तिने विचारलं. दादा म्हणाले, "शुअर कसला. पण विकून टाकू."

पुढचे दिवस सुधीर आणि दादा रोज बसने कुठेतरी गेले. बँक, वाचनालय, पोहण्याचा तलाव. दोघं शाळेत निघाल्यासारखे पाठीला पिशव्या लावून जायचे आणि भांडत परत यायचे. वयस्कर लोकांना घरापासून नेणारी शहराची एक छोटी गाडीही असते असं कळलं, तिच्यासाठी नाव नोंदवलं. ती आधी सांगून ठेवावी लागते, हे लक्षात ठेवा. गुरुवारच्या पत्त्यांना मात्र दादांचा एक मित्र त्यांना घेऊन जाणार असं ठरलं. तो मित्र ब्याऐंशी वर्षांचा आहे, हे मृणालला अजून सांगितलेलं नाही.

निघताना आम्ही टॅक्सी केली. दादा दारात उभे राहिले. सुधीर त्यांच्या पाया पडला, मग दोघं एकमेकांच्या कोटाची बटणं नीट करत राहिले.

लंडनला उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, पण पडेल असं सगळे म्हणत होते. आमची ट्रेन रद्द झाली होती. तिच्याऐवजी बस, आणि बस कुठून सुटते हे कोणालाच माहीत नव्हतं. चाळीसेक माणसं सामान घेऊन, एकही शब्द न बोलता, एका रिकाम्या फलाटाकडे बघत उभी होती. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "कशा आहात?" त्यांनी चपापून आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

काय राहिलं, असा विचार करते तेव्हा तो पूल राहिलाय, ती काळी नदी आणि खिडकीला लागून बसलेले दादा. ॲलनचा चहा राहिलाय. तिथे असताना आम्ही दोघांनी दिवसभर इंग्लंडचं कौतुक केलं, आणि आल्यापासून सुधीर येईल त्याला कॅनडाचं सांगत बसलाय. बर्फात बस कशी येते, पायरी कशी झुकते, लोक कसे उठून जागा देतात. ऐकणाऱ्याला वाटावं, हा तिथल्या परिवहन खात्यात नोकरीला होता.

परवा दादांचा फोन आला. आवाज तरतरीत. गाडी विकली गेली, चांगले पैसे आले. त्या पैशांतून त्यांनी विमानाचं तिकीट काढलंय, उन्हाळ्यात ते आमच्याकडे सहा आठवडे येणार. "गाडी नको हां," म्हणाले. "तू सांगितलंस तसंच करायचं. सगळीकडे ट्रेनने. तू म्हणालास ना, इंग्लंडात ट्रेनवर घड्याळ लावता येतं?"

सुधीर "हो" म्हणाला. फोन ठेवला आणि वेळापत्रक काढून बसला.

तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी ट्रेनने निघतो, एकेक मार्ग तपासत. तिकडे बसून आम्ही दादांना ज्या देशाबद्दल सांगितलं, तो देश उन्हाळ्याच्या आत कुठेतरी सापडायला हवा.